इंजिनियरिंग ऍडमिशनच्या कॅप राऊंडची वाट बघताय? या दिवसांत काय काय करून ठेवायचं, सोलापूरच्या पोरापोरींसाठी सविस्तर

आमच्या घरात लागोपाठ तीन वर्षं तीन पोरांची ऍडमिशन झाली, आधी दिराच्या मुलाची, मग माझ्या लेकीची आणि शेवटी भाचीची, तिघंही इंजिनियरिंगला. त्यामुळं सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की गल्लीतले, माहेरकडचे, ओळखीतले सगळे फोन करतात, काकू लिस्ट कधी लागणार, ताई एवढ्या पर्सेंटाइलला काय मिळेल. मी काही काउन्सेलर नाही, पण या तीन वर्षांत जवळून जे बघितलं ते एकदा नीट लिहून काढते म्हणलं, म्हणजे प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगायला नको.

माझ्या डोळ्यासमोर ज्या पोरांचं नुकसान झालं ना, त्यातल्या बहुतेकांचे मार्क चांगले होते. कुणाचा दाखला वेळेत आला नाही, कुणी फॉर्म भरला पण कन्फर्मच केला नाही, कुणाचा ओटीपी दुसऱ्याच्याच मोबाईलवर गेला. वाट बघायचे दिवस म्हणून ज्याला आपण रिकामे दिवस समजतो, त्याच दिवसांत ही कामं राहून जातात, कारण पोरगं दिवसभर साईट रिफ्रेश करत बसतंय आणि आईबाप काळजी करत बसतात. म्हणून पहिल्यांदा हे मनात पक्कं करा की हे कामाचे दिवस आहेत.

आधी गाडी कुठल्या स्टेशनला आहे ते बघा

निम्मी भीती नुसती माहिती नसल्यामुळं असते. इंजिनियरिंगची प्रोसेस, म्हणजेच कॅप (सेंट्रलाइज्ड ऍडमिशन प्रोसेस), अशी चालते: सीईटी सेलच्या (ही परीक्षा आणि ऍडमिशन बघणारं राज्याचं ऑफिस) साईटवर रजिस्ट्रेशन, मग कागदांची स्क्रूटिनी म्हणजे तपासणी, मग तात्पुरती मेरिट लिस्ट, त्यावर तक्रार करायला दोन-तीन दिवस, मग फायनल मेरिट लिस्ट, मग कुठल्या कॉलेजात किती जागा त्याचं सीट मॅट्रिक्स, मग ऑप्शन फॉर्म (आपल्या आवडीच्या कॉलेज-ब्रँचची क्रमानं यादी), मग अलॉटमेंट (कुठली सीट मिळाली ते), मग सीट ऍक्सेप्ट करायची आणि कॉलेजात जाऊन रिपोर्टिंग. प्रत्येक पायरीची तारीख साईटवर शेड्यूलमध्ये येते. ते शेड्यूल वहीच्या एका पानावर मोठ्या अक्षरात उतरवून काढा आणि फ्रिजवर नाहीतर देवघराशेजारी चिकटवा, घरातल्या सगळ्यांना दिसेल असं. तारखा पुढं ढकलल्या जातात, बऱ्याचदा जातात, तेव्हा जुनी खोडून नवी लिहायची. हे पान भिंतीवर लागलं की घरात दर तासाला "कधी लागणार" हा प्रश्न आपोआप कमी होतो, आमच्याकडं तरी झाला.

मेरिट लिस्टमध्ये नाव आलं म्हणजे ऍडमिशन झाली असं नाही, आणि नंबर मोठा दिसला म्हणजे संपलं असंही नाही. तो नंबर अख्ख्या राज्याचा असतो. भाचीचा नंबर बघून तिची आई रडायलाच लागली होती, मग तिला समजावून सांगितलं की या लिस्टीतली कितीतरी पोरं मेडिकलला जातात, कुणी जेईईवर बाहेर जातं, कुणी बीएस्सी धरतं, सगळी तुझ्या पुढं उभी राहणार नाहीत.

तात्पुरती लिस्ट आली की मात्र एक काम त्याच दिवशी करायचं. स्वतःची सगळी माहिती अक्षर न् अक्षर तपासायची. नाव, कॅटेगरी, बारावीचे मार्क, होम युनिव्हर्सिटी (बारावी केली त्या भागातलं विद्यापीठ), टीएफडब्ल्यूएसला (फी माफीच्या जागेला) हो म्हणलंय का, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल गट) दिसतंय का. चूक दिसली तर तक्रार करायची खिडकी थोडेच दिवस उघडी असते, फायनल लिस्ट लागल्यावर रडून उपयोग नसतो.

कागदपत्रं, इथं सगळ्यात जास्त जीव ओता

मोबाईल नंबर आणि ईमेलपासून सुरुवात करते, कारण आमच्या घरचंच उदाहरण आहे. दिराच्या मुलाचा फॉर्म एका नेट कॅफेत भरला होता. गर्दी होती, भरणाऱ्यानं घाईत स्वतःचाच मोबाईल नंबर टाकला आणि पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला. ऑप्शन फॉर्म कन्फर्म करायच्या दिवशी ओटीपी त्याच्या फोनवर, आणि तो गावाला लग्नाला गेलेला, फोन लागेना. त्या राऊंडला पोराचा फॉर्म कन्फर्म झालाच नाही, म्हणजे तो राऊंड त्याच्यासाठी नव्हताच. पुढच्या राऊंडला मिळालं त्याला कॉलेज, पण त्या आठ दिवसात पोरगं धड जेवलं नाही. म्हणून सांगते, कॅफेत भरा नाहीतर शेजारच्या दादाकडून भरून घ्या, पण नंबर घरातला हवा, तोसुद्धा जो रोज घरात असतो त्याचा, आणि पासवर्ड वहीत लिहिलेला हवा.

ई-स्क्रूटिनी केली असेल तर अपलोड करून सोडून देऊ नका. एखादा कागद पुसट आला किंवा चुकीचा लागला तर फॉर्म रिव्हर्ट होतो, म्हणजे परत तुमच्याकडं येतो, आणि तुम्ही तो दुरुस्त करून परत पाठवला नाही तर तो तसाच पडून राहतो. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा लॉगिन करून स्टेटस बघायचं, बास, त्यापेक्षा जास्त नको.

आता दाखले. नॉन क्रीमी लेयर लागणाऱ्यांनी दाखल्यावरची तारीख बघा, तो पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा पाहिजे, मागच्या वर्षी काढलेला घरात आहे म्हणून निवांत राहू नका. जात पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी, अजून हातात नसेल तर अर्जाची पावती जपून ठेवा, रजिस्ट्रेशनच्या वेळी पावतीवर काम चालतं पण मूळ सर्टिफिकेट दाखवायची शेवटची तारीख ठरलेली असते आणि ती चुकली की ओपनमध्ये धरतात. ही ओपनमध्ये जायची गोष्ट मी दोन घरात बघितली, दोन्हीकडं पावती होती, पाठपुरावा नव्हता. ईडब्ल्यूएसचं पण तसंच. आणि जे जेईईवरून एनआयटी वगैरे बघतायत त्यांनी लक्षात ठेवा की तिथं केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याचा चालत नाही, दोन्ही वेगवेगळे काढावे लागतात.

सोलापूरकरांसाठी खास सांगायचं म्हणजे आषाढी वारी. या सगळ्या तारखा जून-जुलैत येतात आणि नेमकं तेव्हाच पालख्या जिल्ह्यात येतात, तहसील न् प्रांत ऑफिसचा बराच स्टाफ वारीच्या ड्यूटीला असतो, पंढरपूर, माळशिरसकडं तर विचारूच नका. सेतूत अर्ज टाकला की पंधरा-वीस दिवस तरी धरून चाला, वारीच्या तोंडावर टाकला तर अजून. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन क्रीमी, ज्यांना शक्य आहे त्यांनी हे बारावीच्या परीक्षेनंतर लगेच काढायचं. आत्ता उशीर झाला असेल तर आज टाका, उद्या नको, आणि टोकन नंबर घेऊन दर दोन दिवसांनी जाऊन विचारा, नम्रपणे विचारलं की लोक सांगतात.

लिविंग सर्टिफिकेटच्या सात-आठ झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये एक स्वच्छ स्कॅन ठेवा. मूळ एलसी एकदा कॉलेजात जमा झाली की परत काढायला हेलपाटे होतात.

ऑप्शन फॉर्म, इथं डोकं शांत पाहिजे

हा फॉर्म वाट बघायच्या दिवसातच तयार करायचा, तारीख सुरू झाल्यावर नाही. मागच्या वर्षीच्या कटऑफच्या पीडीएफ सीईटी सेलच्या साईटवरच मिळतात, फुकट, त्यासाठी कुणाला हजार-दोन हजार देऊ नका. उघडल्यावर पहिल्यांदा काहीच कळत नाही, जीओपीईएनएच, एलओपीईएनएस असले शब्द दिसतात, घाबरू नका. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज, मधे कॅटेगरी, आणि शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे स्टेट लेव्हल. खाली मेरिट नंबर आणि कंसात पर्सेंटाइल असतं.

यातलं शेवटचं अक्षर आपल्यासाठी फार महत्त्वाचं. सोलापूर जिल्ह्यात बारावी केलेल्यांची होम युनिव्हर्सिटी म्हणजे आपली पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. इथल्या कॉलेजचा कटऑफ बघताना तुम्ही एच वाली रांग बघायची, पुण्यातल्या प्रायव्हेट कॉलेजचा बघताना ओ वाली. पोरं पुण्याच्या कॉलेजची एच बघतात आणि उगाच खूश होतात नाहीतर उगाच खचतात. आणि एक गोष्ट बऱ्याच आईबापांना माहिती नसते, आपलं पोरगं राहतं सोलापुरात पण अकरावी-बारावी लातूरला केली असेल तर साधारणपणे बारावी जिथं केली तिथली होम युनिव्हर्सिटी धरतात, म्हणजे त्याची नांदेडची होते, आणि सोलापुरातल्याच कॉलेजात ते बाहेरचं ठरतं. रिसीटवर काय छापलंय ते बघून घ्या.

आता क्रम कसा लावायचा. लोक म्हणतात, वर अवघड कॉलेज टाकलं की खालचं पण जातं. असं होत नाही. कॉम्प्युटर तुमचा नंबर आला की यादी वरून खाली वाचत येतो, जी पहिली जागा तुमच्या मेरिटला मोकळी असेल ती देतो, वरची मिळाली नाही म्हणून खालच्यावर काही परिणाम होत नाही. म्हणून क्रम लावायचा तो मनाच्या आवडीचा, मिळेल की नाही याचा हिशोब क्रमात घालायचा नाही. तो हिशोब यादी किती खालपर्यंत न्यायची यात घालायचा. तीनशेपर्यंत ऑप्शन भरता येतात, तरी पंधरा टाकून बसणारी पोरं बघितलीत मी.

पण वरच्या सहा जागांचं नीट ऐका. २०२५-२६ पासून कॅपचे चार राऊंड झाले आणि नियम असा आला की पहिल्या राऊंडला पहिला ऑप्शन मिळाला, दुसऱ्या राऊंडला पहिल्या तीनपैकी एखादा मिळाला, तिसऱ्या राऊंडला पहिल्या सहापैकी मिळाला, तर ती सीट आपोआप फ्रीझ होते, घ्यावीच लागते, पुढच्या राऊंडला बसता येत नाही. त्यामुळं सहज टाकून बघू म्हणून वरच्या सहात काही टाकू नका. लेकीच्या वेळी आम्ही रात्री जेवण झाल्यावर सतरंजीवर कागदाच्या चिठ्ठ्या मांडल्या, एका चिठ्ठीवर एक कॉलेज-ब्रँच, आणि वरच्या सहांसाठी प्रत्येक चिठ्ठी उचलून तिला विचारलं, ही उद्या लागली तर तू जाशील का, होस्टेलला राहशील का, एवढी फी झेपेल का आपल्याला. दोन चिठ्ठ्या ती स्वतःच खाली घेऊन गेली. एक पुण्याचं कॉलेज तिला नुसतं मैत्रिणी टाकतायत म्हणून हवं होतं. प्रत्येक राऊंडला फॉर्म नव्यानं भरता येतो, त्यामुळं चिठ्ठ्या जपून ठेवा, परत लागतात. आणि यावर्षीची माहिती पुस्तिका उघडून हा फ्रीझचा नियम स्वतःच्या डोळ्यानं वाचा, नियम दरवर्षी थोडेफार बदलतात.

टीएफडब्ल्यूएस म्हणजे ट्यूशन फी माफ असलेली जागा, घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असणाऱ्यांसाठी. हिचा चॉईस कोड, म्हणजे फॉर्ममध्ये टाकायचा कॉलेज-ब्रँचचा नंबर, वेगळा असतो, शेवटी टी लागतो, म्हणजे त्याच कॉलेजची तीच ब्रँच दोनदा टाकावी लागते, एकदा टी सह एकदा साधी. ही न टाकल्यामुळं दरवर्षी गरजू पोरं मुकतात, मला याचं फार वाईट वाटतं, कारण हक्काची गोष्ट आहे.

भरून झालं की कन्फर्म करा. सेव्ह केलं म्हणजे कन्फर्म नाही. कन्फर्म करून प्रिंट काढली, प्रिंटवर क्रम परत वाचला, तेव्हा काम झालं.

लिस्ट लागायची संध्याकाळ

लिस्ट सकाळी लागेल म्हणतात आणि कधीकधी रात्र होते. साईट स्लो होते, पान अर्धंच उघडतं, लॉगिन बाहेर फेकतं. त्या दिवशी पोराला दिवसभर फोन घेऊन कोपऱ्यात बसू देऊ नका. पाण्याचा दिवस असेल तर पाणी भरायला लावा, संध्याकाळी सिद्धेश्वर तलावावर एक चक्कर मारून या, आल्यावर बघू. सीट कुठं पळत नाही, ती तुमच्या लॉगिनमध्येच असते, आणि ऍक्सेप्ट करायला दिवस मिळतात.

व्हॉट्सऍप आणि टेलिग्रामच्या ग्रुपवर "लिस्ट लीक झाली", "कटऑफ दोनने वाढला" असले मेसेज येतात, कुणी पीडीएफ पण टाकतं. विश्वास फक्त स्वतःच्या लॉगिनवर आणि सीईटी सेलच्या साईटवर. लेकीनं त्या आठवड्यात तीन ग्रुप म्यूट केले आणि तिला झोप लागायला लागली, हे मी डोळ्यानं बघितलं.

सीट मिळाली की दोन रस्ते. आवडली, फ्रीझ करा. बरी आहे पण वरचं हवंय, तर ऍक्सेप्ट करून बेटरमेंटला जा. बेटरमेंटला वरचं मिळालं तर आधीची सीट जाते, नाही मिळालं तर आधीची तुमचीच राहते. हजार रुपये सीट ऍक्सेप्टन्स फी भरावी लागते, ती ऑनलाइन भरायची असते, तेवढे पैसे आधीच खात्यात ठेवा. आणि काहीच मिळालं नाही या राऊंडला, तर तो दिवस वाईट जातो, खरंच जातो, पोराला त्या रात्री भाषण देऊ नका. दुसऱ्या दिवशी कटऑफची नवी पीडीएफ उघडा आणि यादी खाली वाढवा.

आईबापांनो, थोडं तुमच्याशी

पोराचे मार्क कमी आले याचं दुःख पोरालाच सगळ्यात जास्त असतं. नातेवाईकांना काय सांगायचं हे घरात आधी ठरवून टाका, "प्रोसेस चालू आहे, झालं की पेढे घेऊन येतो", एवढंच, आणि फोन तुम्ही घ्या, पोराच्या हातात देऊ नका. त्याच्यासमोर भावकीतल्या कुणाचे पर्सेंटाइल काढू नका. आपल्याकडं कारखान्यात, लूमवर दिवसभर उभं राहून, विड्या वळून पोरांना शिकवणारी माणसं आहेत, त्यांची काळजी मला कळते, पण ती काळजी जेवताना ताटात वाढू नये.

पोरगं दोन दिवसांपेक्षा जास्त नीट झोपत नसेल, जेवत नसेल, "माझ्यामुळं सगळ्यांना त्रास होतोय" असलं काही बोलत असेल तर ते नाटक समजू नका. जवळ बसा, विचारा, आणि १४४१६ वर फोन करा, सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. पोरगं स्वतःही करू शकतं, मोठ्यांना विचारायची गरज नाही.

दुसरी सोय आणि पैसे

बीएस्सीची ऍडमिशन आपल्या संगमेश्वर, दयानंद, वालचंदमध्ये वेगळी चालते, तिथं नाव घालून ठेवणं शहाणपणाचं. फक्त घालताना विचारून घ्या, नंतर कॅन्सल केलं तर फी किती परत मिळते आणि एलसी किती दिवसात परत देता. इंजिनियरिंगला कॅपची सीट ठरलेल्या तारखेच्या आत कॅन्सल केली तर हजार रुपये कापून बाकी परत मिळतात.

मुलींसाठी सांगते, २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षण), ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल तर, कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक कोर्सला ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो, त्यासाठी मुलीच्या नावाचं बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे. हे जोडायचं काम वाट बघायच्या दिवसात एका सकाळी उरकून टाका, ऑगस्टमध्ये बँकेत रांगा असतात. लोन लागणार असेल तर विद्यालक्ष्मी पोर्टलवर बघून ठेवा आणि बँकेतल्या साहेबांना आधीच भेटा.

"सीट करून देतो, दोन लाख द्या" म्हणणारे भेटतात. कॅपची सीट कुणालाही करून देता येत नाही. मॅनेजमेंट कोट्यातली फीसुद्धा शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, त्याच्यावर डोनेशन घेणं १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पावती मिळत नसेल तर पैसे देऊ नका.

रिपोर्टिंगला जाताना

बाहेरगावी जायचं असेल तर शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. पुण्याला सकाळी हुतात्मा एक्सप्रेसनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं, पण कॉलेजात रांग लागते आणि एखादा कागद कमी निघाला तर दुसरा दिवस हातात पाहिजे. मूळ कागद एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, दोन झेरॉक्स सेट दुसऱ्यात, सहा-आठ फोटो, अलॉटमेंट लेटर, सीट ऍक्सेप्टन्सची पावती, चार्जर, डबा. सोबत घरातलं एक माणूस, ज्याच्या फोनवर ओटीपी येतो तेच. काउंटरवर ऍडमिशन कन्फर्म झाल्याची पावती सिस्टीममधून छापून घ्या, त्यावर नाव, ब्रँच आणि कॅटेगरी तिथंच उभं राहून वाचा, आणि चूक असेल तर तिथंच दुरुस्त करून मगच बाहेर पडा.